झोळीकाकू आणि सात हिरव्या झोळ्या

झोळीकाकूंच्या घरात शिरलं की आधी मशीन दिसे, मग काकू दिसत आणि सगळ्यात शेवटी बसायला जागा दिसे, तीही मिळेलच असं नाही. पुढची निम्मी खोली त्या मशीननं खाल्ली होती. घरगुती मशीन नव्हे, ताडपत्री शिवायची, बिडाची, चार माणसांनी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढवलेली. ती सुरू झाली की कपाटातल्या बश्या वाजत आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर काठीनं छत ठोकत. काकू दोनदा पाय आपटून उत्तर देत. हा पत्रव्यवहार बरीच वर्षं चालू होता आणि दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली होती.

काकूंनी एकतीस वर्षं एका कारखान्यात ट्रकच्या ताडपत्र्या आणि दुकानांपुढची कापडी छपरं शिवली होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेतलं. काकूंनी आपली मशीन मागून घेतली. घरी आणून तिचं करायचं काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सहा महिने ती जुनी चादर पांघरून बसली होती आणि काकू तिच्याकडे बघत बसल्या होत्या.

मग एक दिवस ताई आली. ताई म्हणजे तलावावर पोहायला शिकवणारी एक तरतरीत मुलगी. सुट्टीत ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचा गट घेऊन रानात मुक्कामाला जायची. तिच्या हातात दुकानातून विकत आणलेली एक फाटकी झोळी होती. दोन झाडांना बांधून आत झोपायची असते, तशी. काकूंनी ती बोटांत चुरगाळून पाहिली.

"हे कापड आहे का कांद्याचं साल? ह्यात झोपतं कोण?"

"मुलं झोपतात."

"त्यांच्या आयांना माहीत आहे का?"

ताईला हसू आवरेना. काकूंना मात्र हसू आलं नव्हतं. त्यांनी पलंगाखालून एका जुन्या दुकानाच्या छपराचा तुकडा ओढून काढला, मशीनवरची चादर फेकली आणि तासाभरात एक झोळी शिवून ताईच्या हातावर ठेवली. ताई म्हणाली, "काकू, अशा आणखी करता येतील?" तेव्हापासून काकू झोळीकाकू झाल्या. मुलं त्या वस्तूला हॅमॉक म्हणत. काकू म्हणत, "नाव काहीही ठेवा, पाठ टेकली पाहिजे."

गेल्या पाच वर्षांत शंभरावर झोळ्या त्या घरातून बाहेर पडल्या. कापड लोक देत. कुणी जुने जाड पडदे, कुणी सोफ्याचं उरलेलं कापड, कुणी बंद पडलेल्या दुकानाचं छप्पर. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण काकू दात मोजत, शिवाय हलवूनही बघत. आलेल्या कापडाची कड उसवायची, तिला कात्रीनं एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ताणायची. चांगलं कापड कुरकुर करत, टरटरत, नाइलाजानं फाटतं. कुजकं कापड फस्सदिशी हातात येतं. आवाजावरून काकूंना कळे. उत्तीर्ण झालेलं कापड मग माणसाच्या उंचीहून हातभर लांब कापायचं, दोन्ही टोकांना रुंद नेफा दुमडायचा आणि त्यावर नायलॉनच्या दोऱ्यानं चार ओळी टीप मारायची. नेफ्यातून दोर गेला की झोळी तयार.

तयार, पण पास नव्हे. पास करायचं काम काकांचं.

काकूंचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. वजन एकशे चार किलो. "चौतीस वर्षं उभं राहून तिकिटं फाडली, आता आडवं पडणं हा माझा हक्क आहे," असं ते म्हणत आणि तो हक्क मन लावून बजावत. गॅलरीत दोन जाड हुक ठोकलेले होते. प्रत्येक नवी झोळी तिथं टांगायची आणि काकांनी तीत अर्धा तास झोपायचं, दोनदा कूस बदलायची, मग नेफ्यावर खडूनं बरोबरची खूण करायची. ही खूण असल्याशिवाय एकही झोळी घराबाहेर जात नसे. जगात नवऱ्याच्या घोरण्याला कामाचा दर्जा देणारी बायको एकच असावी, आणि ती ह्या घरात होती.

सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. दृष्ट लागली ती काकूंच्या उजव्या खांद्याला.

ओल्या पोत्यासारखं जड कापड एका हातानं मशीनवर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हातानं पुढं सरकवायचं, हे साठीनंतर खांद्याला मानवेना. त्यातून काकूंची एकुलती एक लेक फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे खांदे सोडवणार आणि रविवारी सकाळी गाडी काढून आईचा खांदा सोडवायला येणार. ती आईला हात वर करायला लावी आणि मशीनकडे सवतीकडे बघावं तसं बघे.

"आई, पुरे झालं आता. हे धूड विकून टाक. हात कायमचा जाईल तेव्हा कळेल."

"एकतीस अधिक पाच, छत्तीस वर्षांत माझ्या हातचं एक काम परत आलेलं नाही," काकू ताठ मानेनं म्हणाल्या. "ज्या दिवशी माझी एक जरी झोळी फाटेल, त्या दिवशी मशीन घराबाहेर. शब्द देते."

"नक्की?"

"तुझ्या बाबांसमोर सांगते."

लेकीनं टाळीसाठी हात पुढं केला आणि काकूंनी टाळी दिली. दुखऱ्या हातानं दिली, म्हणून कळ आली, पण ती त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

यंदाची सहल मोठी होती. ताईला चोवीस झोळ्या हव्या होत्या, आणि त्यातली निम्मी मुलं घराबाहेर पहिल्यांदाच झोपणार होती. सतरा झोळ्या वेळेत झाल्या. उरलेल्या सातांसाठी कापड उशिरा आलं: एका वाचनालयाचे हिरवेगार, मखमलीसारखे जाड पडदे. काकूंनी कड उसवली, चीर दिली, ताणली. टरर्र! काय आवाज होता! काकू खूष झाल्या. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी सातही शिवून झाल्या, शनिवारी दुपारी काकांनी त्या पास केल्या आणि संध्याकाळी ताई सगळा गठ्ठा घेऊन गेली. रविवारी सकाळी मैदानावर जमून सामान लावायचं होतं आणि अकराला तिथूनच बस सुटायची होती.

रविवारी सकाळी काकू निवांत बसल्या होत्या. हिरव्या पडद्याचा एक तुकडा उरला होता, पडद्याच्या मधल्या भागातला. कपड्यांचे चिमटे ठेवायला पिशवी करावी म्हणून त्यांनी तो हातात घेतला, सहज सरळ केला, आणि फस्सदिशी त्याचे दोन तुकडे झाले.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी दुसरीकडून ओढलं. फस्स. तिसरीकडून. फस्स. मग उसवलेली कड घेऊन ओढली. टरर्र. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाचनालयाच्या खिडकीत तो पडदा वर्षानुवर्षं उन्हात लोंबकळत होता. ऊन मधल्या कापडानं खाल्लं. कड मात्र दुहेरी दुमडलेली, शिवणीच्या आत सावलीला बसलेली. ती जशीच्या तशी राहिली होती आणि काकूंनी तपासली ती नेमकी तीच. कारखान्यात कापड कोरं, गठ्ठ्यातलं यायचं. कड काय नि मधला भाग काय, एकच. छत्तीस वर्षं कड तपासायची सवय, आणि ह्या सवयीनं आज घात केला होता.

"अहो!" काकू गॅलरीकडे धावल्या. "हिरव्या सातही झोळ्यांत तुम्ही झोपला होतात ना? अर्धा अर्धा तास?"

काका पेपर वाचत होते. पेपर हळूहळू वर गेला आणि चेहरा त्यामागं दिसेनासा झाला.

"अहो, मी काय विचारते आहे?"

"झोपलो होतो," पेपरमागून आवाज आला. "पहिलीत."

"आणि बाकीच्या सहा?"

"अगं, काय सांगू तुला, काय मऊ होती ती! डोळा लागला तो एकदम संध्याकाळी उघडला. खाली ताईचा हॉर्न वाजत होता. म्हटलं, एक पास म्हणजे भावंडंही पासच असणार."

काकू मटकन खाली बसल्या. काकांनी पेपर बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत बायकोला असं बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे बघ, ताईला फोन करू. सांगू, हिरव्या झोळ्या चुकून दुसऱ्याच्या गेल्या, त्या वापरू नका. मुलं खाली सतरंजीवर झोपतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीला कळायलाही नको आणि मशीनही राहील."

खरं सांगायचं तर काकूंना तो विचार गोड वाटला. पुरती दोन मिनिटं गोड वाटला. मशीनकडे बघता बघता तर फारच गोड वाटला. मशीन गेली तर उद्या सकाळी उठून करायचं काय? कारखाना सुटल्यानंतरचे ते सहा महिने त्यांना आठवले.

पण त्या उठल्या. "पाच वर्षं त्या पोरीनं डोळे झाकून माझ्या झोळीत दुसऱ्यांची मुलं निजवली," त्या म्हणाल्या. "तिला काय खोटं सांगू? आणि ज्या पोरांना चोवीस झोळ्या कबूल केल्या, त्यांतल्या सातांना खाली निजा म्हणून सांगू? चला, मैदानावर. पँट बदला, ती जाड घाला."

"जाड कशाला?"

"पडणार आहात म्हणून."

दारात लेक उभी होती, खांद्याच्या व्यायामाचा रबरी पट्टा हातात घेऊन. काकूंनी तिला उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, अक्षर न गाळता. लेक ऐकत राहिली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसेल म्हणून काकू तयार होत्या. तो दिसला नाही. ती फक्त म्हणाली, "गाडी खालीच आहे."

साडेआठला तिघं मैदानावर पोचले. मुलं सामान आणून टाकत होती, ताई यादी घेऊन हजेरी मांडत होती. काकूंनी तिला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोरच म्हणाल्या, "हिरव्या झोळ्या काढ आणि त्या दोन झाडांना बांध. गुडघ्याच्या वर नको. आमचे हे त्यात झोपणार आहेत."

मुलांना वाटलं, निघण्याआधी काहीतरी गंमत आहे. सगळी गोळा झाली. काकांनी खिशातला चष्मा ताईकडे दिला आणि एखाद्या पाहुण्याला मुख्य खुर्ची द्यावी तसे पहिल्या झोळीत स्थानापन्न झाले. कूस बदलली, परत बदलली. झोळी टिकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी टिकली. तिसरी टिकली. काकांना आता उत्साह चढला होता, ते लोकांना हात करत होते. चौथीत बसले, पाय वर घेतले, आणि फस्स! एकशे चार किलोंचा धप्प आवाज झाला.

मुलं खो-खो हसली. काकाही गवतावर पडल्या पडल्या हसले. हसता हसता एका मुलीचं लक्ष काकूंच्या तोंडाकडे गेलं आणि तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"हसू नका, नीट बघा," काकू म्हणाल्या. फाटलेलं कापड त्यांनी दोन्ही हातांनी वर धरलं होतं. "रानात उंच बांधली असती आणि खाली दगड असता, तर आज हसायला कुणी राहिलं नसतं. हे कापड उन्हानं कुजलंय. मी कड तपासली, मधला भाग तपासला नाही. चूक माझी आहे."

"आणि खोटी खूण माझी आहे," काका कंबर चोळत उठले. "बांधा पुढची."

पाचवी टिकली. सहावी फाटली. सातवी टिकली. टिकलेल्या पाचही झोळ्यांचा मधला भाग काकूंनी पुन्हा बोटांनी चाचपला, ताणला, उजेडासमोर धरून पाहिला, आणि त्या पडद्याच्या भिंतीलगत, उन्हाआड राहिलेल्या भागातल्या आहेत अशी खात्री झाल्यावरच सोडल्या. मग घड्याळ पाहिलं. सव्वानऊ.

"दोन कमी पडल्या. अकराच्या आत दोन आणून देते," त्या ताईला म्हणाल्या.

"काकू, राहू द्या. आम्ही दोघी जमिनीवर झोपू, मी आणि..."

"मी विचारलं नाही, सांगितलं."

घरी माळ्यावर एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाचं छप्पर पडलं होतं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. काकू स्टुलावर चढायला लागल्या तशी लेकीनं त्यांना खाली उतरवलं आणि स्वतः चढली. गठ्ठा ओढला आणि तो अंगावर आल्याबरोबर तिचे गुडघेच वाकले.

"आई! हे तू एकटी उतरवतेस?"

"मग काय, तुझे बाबा चढणार? स्टूल मोडलं तर शिवता येत नाही."

ह्या वेळी काकूंनी मधोमध चीर दिली. टरर्र. तिकडून दिली, इकडून दिली. टरर्र, टरर्र. कापून झालं, नेफा दुमडून झाला. काकू मशीनवर बसल्या, डाव्या हातानं कापड पुढं घेतलं आणि सवयीनं उजवा खांदा त्या ओझ्याखाली घातला. तेवढ्यात ओझं एकदम नाहीसं झालं. मान वळवून पाहिलं तर लेक मागं उभी होती, अख्खं कापड दोन्ही हातांवर घेऊन, टीप जशी पुढं जाईल तशी एक एक पाऊल पुढं सरकत होती.

"ओढू नकोस, नुसतं सोडत ये," काकू म्हणाल्या.

"असं?"

"असं. आता थांब. आता वळव."

बश्या वाजायला लागल्या. खालून काठी ठोकली गेली. काकूंचे पाय मशीनच्या पायडलवर होते, म्हणून लेकीनंच दोनदा पाय आपटला. काका चहाचे कप घेऊन दारात आले आणि ते पाहून तसेच उभे राहिले. आत जागाही नव्हती म्हणा.

एरवी एका झोळीला तास लागे. त्या दिवशी दोन झोळ्या सव्वा तासात झाल्या आणि काकूंचा खांदा एकदाही दुखला नाही. गॅलरीत टांगल्यावर अर्ध्या तासाला वेळ नव्हता, म्हणून प्रत्येकीत काका आणि लेक दोघं एकदमच बसले. हुक कण्हले, दोन्ही झोळ्या टिकल्या, आणि काकांनी खडूची खूण करायच्या आधी बायकोकडे परवानगीसाठी पाहिलं. असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल.

अकराला पाच मिनिटं कमी असताना झोळ्या बसमध्ये चढल्या. ताई पायरीवर थांबली, काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी आजवर मुलांच्या आईवडिलांना सांगायचे, झोळ्या मजबूत आहेत. आता सांगेन, झोळ्या काकूंच्या आहेत." बस सुटली. मुलं खिडक्यांतून हात हलवत होती. काका जवळजवळ बस वळेपर्यंत हात हलवत राहिले, जुन्या सवयीनं घंटीची दोरीही हवेत ओढली.

गाडीत काकू पुढं बसल्या होत्या. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या,

"दोन फाटल्या. शब्द दिला होता. मशीनला गिऱ्हाईक बघ."

लेक गाडी चालवत राहिली.

"शब्द मोडला तर कुणाचं हाड मोडत नाही," मागून काका म्हणाले. "झोळी फाटली तर मोडतं. माझं आज थोडक्यात वाचलं."

"तुम्ही गप्प बसा. मी हिच्याशी बोलते आहे."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लेकीनं आईकडे पाहिलं. "आई, मी दर रविवारी येऊन तुझा हात वर-खाली करत होते आणि मशीनला शिव्या देत होते. तुझा खांदा मशीननं गेला नाही गं. तू एकटी उचलत होतीस म्हणून गेला. दोन वर्षं मी तसल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर पर्स ठेवत आले. तसला गठ्ठा उचलून बघितला आज पहिल्यांदा." तिनं आईच्या उजव्या हातावर हात ठेवला. "मशीन कुठं जात नाही. कापड मी उचलणार. तू फक्त शिव."

छत्तीस वर्षांत कुणीही, नवऱ्यानंसुद्धा, काकूंच्या कामाची दुसरी बाजू धरली नव्हती आणि ती धरायला कुणी असू शकतं, हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते येऊ दिले. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले.

"चालव की आता," काकू पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी आठला नको येऊ, सातला ये. मधलं कापड सकाळच्या उजेडात नीट दिसतं."